आक्का, तुझी पेन्शन बंद करून आले

आक्का, आज कोषागारात जाऊन तू गेल्याचं कळवून आलो. विलास आन् मी.

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावाला गेले, धुतलेल्या सतरंज्या वाळून घड्या झाल्या, आन् विलास म्हणला, "मावशी, आईचं आता पेन्शनवाल्यांना कळवावं लागंल. नायतर पुढच्या महिन्याची बी जमा होईल, मग परत करायला हेलपाटे." मी म्हणलं, मी बी येते. तर म्हणतो, ऊन लई हाय, तुझं काय काम तिथं. मी म्हणलं, तुझ्या आईच्या कुठल्या कामाला मी गेले नाय, एक सांग. मग साडी बदलली, कुंकू लावलं आन् रिक्षात जाऊन बसले.

हे सगळं सांगायला तुझ्याशिवाय मला माणूस नाय, म्हणून तुलाच सांगते. गेलीस तरी ऐकावं लागंल. जिवंतपणी माझं निम्मं बोलणं तू तव्यावरच्या भाकरीचं निमित्त करून टाळलंस. मी विचारायचे, आक्का, मी तुझी कोण, बहीण का सवत? तू म्हणायचीस, सिंधे, भाकरी करपती बघ. भाकरी कधीच करपलेली नसायची.

दोन्ही होते मी तुझी. सख्खी धाकटी बहीण आन् सवत. पण कागदावर एकच. मालक पाटबंधारे खात्यात पाटकरी, कालव्याचं पाणी सोडायचं त्यांचं काम. सरकारी नोकरी. पहिली जिवंत असताना दुसरी केली असं वर कळलं तर माणूस घरी बसायचा. म्हणून मालकांच्या सगळ्या कागदांवर बायको एक, कौसल्याबाई. मी त्यांची मेहुणी. रिटायर झाले तरी तेच, गेले तरी तेच. त्यांच्या मागं पेन्शन तुझ्या नावानं आली आन् तिच्यावर आपल्या दोघींची चूल पेटली.

तूच मला मागायला आली होतीस, ते आठवतं का? पाचोडच्या पुढं आपलं गाव, बाजाराचा दिवस, बाप्पा बाजारातून आले तर तू ओट्यावर बसलेली. तुझी कूस उजवंना म्हणून सासू मालकांना दुसरी बघत होती. तू बाप्पाला म्हणलीस, परकी आली तर मला घरात ठेवायची नाय, त्यापेक्षा सिंधूला द्या. मी आत लसूण सोलत होते. मला कुणी विचारलं नाय. तू बी नाय विचारलंस. रात्री माझ्या शेजारी निजलीस आन् माझे पाय चेपत बसलीस, थोरली असून. तेवढ्यावरून मी काय ते समजायचं होतं.

वाजंत्री नाय, पत्रिका नाय. घरातल्या घरात अक्षता पडल्या आन् पाटबंधाऱ्याच्या वसाहतीत मी आले ती तुझी टाकलेली बहीण म्हणून. माझा नवरा म्हणे लांब कुठं तरी असतो आन् मला नांदवत नाय. तिथल्या बाया मोठ्या जीव लावणाऱ्या. विचारायच्या, येतो का गं तुझा नवरा कधी, काय करतो? मग मी एकेक जोडत गेले. त्याला दारुडा मीच केला. त्याला एक आडदांड आई बी दिली. तू भाजी निवडता निवडता खाली मान घालून हसायचीस आन् घरात आल्यावर म्हणायचीस, सिंधे, त्याला जरा बरा तरी कर, किती हाल त्या बिचाऱ्याचे. तेव्हा हसू यायचं. गळ्यात मंगळसूत्र मालकांचं, बायांच्या लेखी त्या दारुड्याचं.

आन् मग विलास पोटात राहिला. आपण दोघी माहेरी गेलो, महिनोन्महिने वसाहतीत तोंड दाखवलं नाय. दवाखान्यात माझं नाव लिहिलं कौसल्या. नर्स हाका मारती, कौसल्याबाई, कौसल्याबाई, आन् मी आपली इकडं तिकडं बघती. तू मला चिमटा काढलास, अगं तुलाच बोलावतात. परत आलो तेव्हा लेकरू तुझ्या मांडीवर होतं. वसाहतीतल्या बाया तुझी ओटी भरायला आल्या आन् मी सगळ्यांना चहा केला.

मी त्याला आतल्या खोलीत पाजायचे. तू दारात सूप घेऊन बसायचीस, ज्वारी पाखडत. एकदा पाखडून झालेली ज्वारी तू पुन्हा पाखडायचीस, कुणी आलं तर आत येऊ नये म्हणून. त्या सुपाचा आवाज मला अजून ऐकू येतो. मला तुझा लई राग यायचा त्या वेळी, आक्का, आन् तू दारात नसलीस तर मला पान्हाच फुटायचा नाय. हे दोन्ही खरं हाय, कसं काय ते मला सांगता येणार नाय.

पोरगं बोलायला लागलं तसं तुला आई म्हणायला लागलं, मला मावशी. तूच शिकवलंस. शिकवायलाच पाहिजे होतं, चारचौघांत तोंडातून गेलं असतं तर मालकांची भाकरी गेली असती. तो मोठा झाला, मिसरूड फुटलं, तेव्हा तूच त्याला बसवून सगळं सांगितलंस. मी न्हाणीत जाऊन बसले होते. बाहेर आले तर तो तसाच बसलेला, मला म्हणला, "मावशी, माझा डबा भरला का?" त्या दिवशी मी डब्यात तूप जास्त घातलं.

मालक गेले तो दिवस तर मी विसरायचा म्हणलं तरी विसरायची नाय. खात्यातली माणसं आलेली, त्यांच्यासमोर बायांनी तुझं कुंकू पुसलं, तुझ्या बांगड्या फोडल्या. मी तुझ्या मागं उभी, हातभर बांगड्या, कपाळभर कुंकू. माझा माणूस समोर तिरडीवर, आन् माझा नवरा लांब कुठं तरी दारू पिऊन पडलेला. तो दारुडा काय मेला नव्हता. सगळे गेल्यावर तू मला घराच्या मागच्या अंगाला नेलंस. धुण्याचा दगड होता, त्याच्यावर माझा हात ठेवलास आन् माझ्या बांगड्या तू फोडल्यास, एकेक करून, आवाज होऊ नये म्हणून वर पदर धरून. मी तुझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले. मग तू तुझ्या ट्रंकेतून नव्या बांगड्या काढल्यास, तुझ्याच मापाच्या, मला जरा घट्ट व्हायच्या, आन् तुझ्या मोकळ्या हातांनी माझ्या हातात भरल्यास. कुंकू बी तूच पुसलंस आन् तूच परत लावलंस.

इकडं गारखेड्याला विलासकडं राहायला आलो तरी ते कुंकू तसंच. मी म्हणायचे, आक्का, आता इथं कोण आपल्याला ओळखतंय, पुसू दे मला, माझ्या माणसाचं सुतक मला एकदा पाळू दे. तू म्हणायचीस, पेन्शनला कुणी तक्रार केली म्हणजे? पोराचे कागद सगळे माझ्या नावाचे, त्याला कशाला घोर? आन् मग हळूच म्हणायचीस, राहू दे की सिंधे, दोघींतल्या एकीनं तरी लावावं. यावर आपलं किती वाजलं. मागच्या उन्हाळ्यात तर मी चिडून म्हणलं होतं, तू गेल्यावर मी सगळ्यांना सांगणार हाय, बघ. तू वाळवणावरचे पापड उलटत होतीस. म्हणलीस, सांग की, पण आधी मला जाऊ तर दे.

गेलीस. चार दिवसांच्या तापाचं निमित्त.

दर नोव्हेंबरात आपण हयातीला बँकेत जायचो. माणूस जिवंत हाय हे दर वर्षी कळवावं लागतं, नायतर पेन्शन थांबती. तुझा अंगठा भाकऱ्या थापून थापून पार गुळगुळीत, मशीन काय घेता घेत नसे. मी पदरानं पुसायचे, फुंकर घालायचे, दाबून धरायचे. तिथला पोऱ्या म्हणायचा, आजी, बोट तुमचं नको, त्यांचं द्या. मागल्या वेळी विलासनं घरीच मोबाइलवर केलं. तोंडासमोर मोबाइल धरून म्हणतो, आई, डोळे मिचकव. तू मिचकावायच्या ऐवजी गच्च मिटून बसलीस. मग उघडून बघत बसलीस, पापणी हलंना. हसून हसून मुरकुंडी वळली आपली. शेवटी माशी आली म्हणून पापणी लवली आन् तू हयात ठरलीस.

तुला न्हाऊ घालताना तुझे डोळे अर्धे उघडे राहिलेले. बाया म्हणत होत्या, झाका, झाका. मी वाकून तुझ्या कानात म्हणलं, आक्का, मिचकव ना. कुणी ऐकलं नाय.

तेराव्याला पाचोडचे बापूभावजी जेवायला बसले होते. ते आपले मालकांचे चुलतभाऊ, त्यांना सगळं ठाऊक. पानावर बसल्या बसल्या विलासला म्हणले, कळवायची घाई कशाला करतो, नोव्हेंबरात हयातीला हिला बसव. दोघी एका तोंडवळ्याच्या, या वयात कोण ओळखतंय? विलास ताठ झाला. म्हणला, "काका, जेवा गुमान. आईच्या नावानं असलं काय करायचं नाय मला." मी आत पुऱ्या तळत होते, सगळं ऐकलं.

तुला खोटं सांगत नाय आक्का, पैसा माझ्या मनात बी आला नाय. विलास मला उपाशी ठेवतोय थोडाच? मला दिसलं ते वेगळंच. मी बँकेत खुर्चीवर बसलेय, समोरचा माणूस मालकांचं पूर्ण नाव वाचून विचारतो, तुम्ही यांच्या पत्नी का? मी म्हणते, व्हय. तो विचारतो, विलास तुमचा मुलगा का? मी म्हणते, व्हय. बस्स, एवढंच. आन् त्यात खोटं काय असतं? नाव तेवढं तुझं. त्या नावानं तर मी बाळंत झाले होते. कढईत पुरी काळी झाली तेव्हा मी भानावर आले. तेवढा वेळ मात्र मला लई बरं वाटलं, तू मेल्यावर पहिल्यांदा. नंतर स्वतःचीच शिसारी आली.

म्हणून मी आज कोषागारात गेले. मी तिथं असताना सांगितलं गेलं म्हणजे मग मागं फिरायला नको.

तिथं बाकड्यावर सगळी आपल्यासारखीच म्हातारी माणसं. विलासचं भादरलेलं डोकं बघून लोकांनी न सांगता त्याला पुढं जाऊ दिलं. खिडकीत एक पोरसवदा बाई होती, बोलायला गोड. तिनं महापालिकेचा मृत्यूचा दाखला बघितला, अर्ज बघितला, म्हणली, वाईट झालं. मग विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" विलास म्हणला, मुलगा. ती खाली बघून लिहीत होती. "कुटुंबात आणखी कुणी आहे का, ज्यांना पेन्शन लागू होईल? बिनलग्नाची मुलगी, अपंग मुलगा?" विलास म्हणला, कुणी नाही. "बरं. आणि या आजी?"

मी विलासच्या मागं उभी होते. तो वळला, माझ्याकडं बघितलं. आक्का, त्याच्या डोक्यावर नुकते बारीक केस उगवायला लागलेत, लहानपणी जावळ काढल्यावर दिसायचा तसाच दिसत होता. मग त्या बाईला म्हणला, "माझी आई."

बाईचा हात थांबला. "आई?" तिनं कागद परत उचलून बघितला. "मग या कौसल्याबाई कोण?"

मागची माणसं बघायला लागली. मी जन्मभर ज्याची वाट बघितली ते त्या खिडकीत सगळ्यांसमोर माझ्या पोरानं बोलून टाकलं होतं. मला नुसतं उभं राहायचं होतं, आक्का. काय म्हणजे काय करायचं नव्हतं. गप उभी राहिले असते तरी झालं असतं.

आन् माझं तोंड आपोआप उघडलं. मी म्हणलं, "मावशी हाय मी त्याची. मयताची धाकटी बहीण. आई गेलीय ना, पोरगं भ्रमिष्टावानी बोलतंय."

बाईला खरं वाटलं. तिच्या डोळ्यात पाणी आलं. विलासला म्हणली, "होतं असं. माझे वडील गेले तेव्हा मलाही काही सुचत नव्हतं." मला म्हणली, "आजी, तुम्ही आहात म्हणून बरं, सांभाळा त्यांना." मग शिक्का मारला, पोच दिली, पुढच्याला बोलावलं.

कुणासाठी बोलले मी? मालकांची नोकरी कधीच संपली. मालक गेले, तू गेलीस, पेन्शन तर तिथंच बंद झाली. आता कुणाचं काय जाणार होतं? काहीच नाय. तरी माझ्या तोंडून तेच आलं जे तू शिकवलं होतंस, आन् किती सफाईनं आलं. दारुडा नवरा रचायचे तेव्हा यायचं तसंच. माझं मला ऐकू येत होतं आन् थांबवता येत नव्हतं.

घरी आल्यावर मी त्याला पाणी दिलं आन् म्हणलं, तिथं तू काय म्हणलास रे? तो म्हणला, "खरं तेच म्हणलो. तूच नको म्हणलीस."

मी म्हणलं, "मग आता म्हण. इथं कुणी नाय. एकदा म्हण."

आक्का, म्हातारपणी असं भीक मागितल्यासारखं मी कुणाला बोलले नव्हते. तो पाटावर बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून. त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. लेकरू पहिल्यांदा बोलायला लागतं तसं. मग टॉवेल तोंडावर घेतला आन् एवढा मोठा बाप्या हुंदके द्यायला लागला. म्हणला, "जमत नाय गं मावशी. तिथं परक्या बाईला सांगायचं होतं म्हणून जमलं. तुझ्याकडं बघून आई म्हणायला गेलं की मला ती दिसती."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणलं, राहू दे बाबा, नको म्हणू. ऊठ, तोंड धू.

तुझ्यावर रागवावं म्हणलं तर तू नाय. त्याच्यावर रागवावं तर त्याचं काय चुकलं? तू त्याची आई होतीसच. तापात रात्र रात्र मांडीवर तू घेतलंस, शाळेत नाव घालायला तू गेलीस, माझ्याकडून मार पडला की तो तुझ्या पदरात शिरायचा. माझा एवढाच घास मला दे असं मी कुणाकडं मागू? तो घास बी तूच मला भरवत आली होतीस. भाकरी केली की पहिली माझ्या ताटात टाकायचीस, पोराच्या बी आधी. एवढ्या वर्षांत कधी चुकली नाय. मी तुझे उपकार मानायचे का तुला शिव्या द्यायच्या, हे आपलं ठरायचं राहिलंच, आन् तू मधेच उठून गेलीस.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावला आन् तिथल्या आरशात बघितलं. म्हणलं, आज तरी पुसू. आता राखायचं काय बी उरलं नाय. पदराचं टोक ओलं केलं, कपाळापर्यंत नेलं. मग मनात आलं, उद्या शेजारीण विचारंल, काय सांगू? दारुडा आज वारला म्हणून सांगू? त्याला बी मारायचं का आता? आन् मालकांसाठी म्हणावं तर त्यांच्यासाठी माझं कपाळ तू एकदा पुसलं होतंस, घरामागं, माझ्या बांगड्या फोडल्यावर. तेवढं एकच सुतक माझं खरं झालं, आन् ते फक्त तुला ठाऊक होतं.

हात खाली आला. वरून चिमूट घेऊन आणखी गडद केलं. कुणाच्या नावाचं म्हणून विचारू नको. मालक कागदावर माझे कधी झाले नाय, दारुडा मुळात नव्हताच. तुझ्याच नावाचं समज.